कऱ्हाडचा लोहवाणी, चीनचे भिक्खू आणि दगडावरचे अक्षर

रविवारी सकाळी आगाशिवच्या डोंगरावर गेलात, तर सांगली, मिरज, विटा, पलूस या बाजूने आलेली तरुण मुले-मुली हमखास भेटतात. जखिणवाडीच्या वाटेने चढायचे, लेण्यांत वंदना घ्यायची, फोटो काढायचे आणि उतरायचे, असा साधारण कार्यक्रम असतो. अलीकडे त्यात एक चांगली भर पडली आहे. मुले धम्मलिपी शिकू लागली आहेत. भिंतीवर दोन अक्षरे ओळखीची दिसली तरी त्यांचे चेहरे उजळतात. आपल्या पूर्वजांनी कोरलेले आपण वाचतो आहोत, ही भावनाच वेगळी आहे.

अडचण यापुढे सुरू होते. अक्षर ओळखणे म्हणजे लेख वाचणे नव्हे आणि लेख वाचणे म्हणजे त्याचा अर्थ लावणे नव्हे. या तिन्हींमधला फरक न कळल्यामुळे एखाद्या लेण्याच्या फोटोखाली भलताच मजकूर लिहिला जातो आणि तो हजारो मोबाईलमध्ये फिरतो. पुढे कोणीतरी जाणकार तो चुकीचा ठरवतो आणि त्या एका चुकीमुळे आपले खरे म्हणणेही संशयात सापडते. म्हणून शिलालेख वाचायचा कसा, हे या लेखात पाहू. त्यासाठी दोन ठिकाणचे दगड शेजारी ठेवू. एक आपल्या कऱ्हाडशी संबंधित धम्मलिपीतले लेख आणि दुसरे चिनी लिपीतले बौद्ध शिलालेख. चिनी लेख कशाला, असे वाटेल. पण त्यांतले पाच महत्त्वाचे लेख थेट आपल्या बोधगयेत सापडले आहेत आणि ते वाचताना मोठमोठ्या पंडितांचा जो वाद झाला, तो आपल्याला खूप शिकवून जातो.

बोधगयेचे पाच चिनी लेख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाबोधी विहाराच्या परिसरात उत्खनन आणि दुरुस्तीचे काम चालू होते. त्या काळात तेथे चिनी अक्षरे कोरलेल्या शिळा मिळाल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८९२ च्या ‘महाबोधी’ या ग्रंथात त्यांची दखल घेतली. त्याआधी १८८१ मध्ये सॅम्युएल बील या इंग्रज अभ्यासकाने त्यांतल्या दोन लेखांवर लिहिले होते. पुढे १८९६ मध्ये एदुआर शाव्हान या फ्रेंच चिनी-पंडिताने पाचही लेखांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या शिळा पुढे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेल्या.

लेखांत काय आहे? एका शिळेवर सात बुद्ध आणि मैत्रेय यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. लेखात ‘महान हान’ देशाहून आलेल्या भिक्खूंचा उल्लेख आहे आणि लाखो लोकांना धम्माच्या वाटेवर आणण्याचा त्यांचा संकल्प आहे. सुंग राजवटीतल्या इतर लेखांपैकी तीन १०२२ सालचे आहेत. दूरच्या चीनमधून चालत आलेल्या भिक्खूंनी येथे दगडी स्तूप उभारले, चीवर अर्पण केले आणि त्याची नोंद कोरून ठेवली. पाचवा लेख १०३३ चा आहे. सुंग सम्राट आणि राजमाता यांच्या आज्ञेवरून ह्वाय-वन नावाचा भिक्खू आला आणि त्याने सम्राट ताई-त्सुंग याच्यासाठी वज्रासनाजवळ स्तूप उभारला, असे त्यात नोंदले आहे.

आता वाद कुठे झाला ते पाहू. पहिल्या लेखावर साल स्पष्ट नाही. त्यात फक्त ‘महान हान’ हे शब्द आहेत. शाळेत ज्याने चीनचा इतिहास थोडा वाचला आहे, त्याला ‘हान’ म्हटले की इ.स.पूर्व २०६ ते इ.स. २२० ही प्रसिद्ध राजवट आठवते. मग हा लेख कनिष्काच्या काळातला, म्हणजे बोधगयेतला फारच प्राचीन पुरावा, असे म्हणायचा मोह होतो. पण चीनमध्ये ‘हान’ नाव घेतलेली ती एकच राजवट नव्हती. इ.स. ९४७ ते ९५१ अशी जेमतेम चार वर्षे टिकलेली ‘उत्तर हान’ नावाचीही एक राजवट होती. शाव्हान यांनी लेखाची भाषा, अक्षरांचे वळण आणि मजकुरातले तपशील यांचा विचार करून तो दहाव्या शतकाच्या मध्याचा ठरवला. हॉलंडच्या लायडन येथील गुस्ताव श्लेगेल यांना त्यांचे वाचन पटले नाही. त्यांनी जाहीरपणे टीका केली आणि शाव्हान यांनी १८९७ मध्ये त्याला उत्तर दिले. दोघेही चिनी भाषेचे मान्यवर पंडित होते. तरी एका शिळेवरून त्यांच्यात लेखी वाद झाला आणि दोघांनीही आपापले पुरावे छापून वाचकांसमोर ठेवले.

यातून पहिला धडा मिळतो. ओळखीचा शब्द हाच वाचकाचा सर्वात मोठा शत्रू असतो. ‘हान’ दिसले आणि मन थेट प्रसिद्ध राजवटीकडे धावले, तर तारीख हजार वर्षांनी चुकते.

कऱ्हाडची ‘संघमित्रा’

हाच धडा आता आगाशिवच्या डोंगरावर लावून पाहू. तेथे साठांहून अधिक लेणी आहेत. इतक्या मोठ्या समूहात शिलालेख मात्र फार थोडे आहेत. त्यांतला महत्त्वाचा लेख एका दात्याचा आहे. त्यात ‘सघमितर’ म्हणजे संघमित्र हे नाव येते.

नाव वाचताच कोणाच्याही डोळ्यांसमोर सम्राट अशोकाची कन्या, सिंहलद्वीपाला बोधिवृक्षाची फांदी नेणारी थेरी संघमित्रा उभी राहते. ‘अशोककन्या संघमित्रेने कऱ्हाडला लेणे कोरले’ हे वाक्य किती आकर्षक आहे! पण लेख असे म्हणत नाही.

त्या नावाआधी ‘गोपालपुतस’ असा शब्द आहे. ‘पुत’ म्हणजे पुत्र. म्हणजे हा दाता गोपालाचा मुलगा आहे. शिवाय शब्दाच्या शेवटचा ‘स’ पाहा. प्राकृतात ‘चा-ची-चे’ सांगणारा हा प्रत्यय पुल्लिंगी नामाला लागतो. स्त्रीचे नाव असते तर शेवट वेगळा झाला असता. भारहूतच्या लेखांत भिक्खुणीसाठी ‘भिखुनिया’ असे रूप येते आणि कुडा लेण्यांत पदुमनिका या भिक्खुणीचे नाव ‘पदुमनिकाय’ असे येते. प्रत्यय एका अक्षराचा असतो, पण तो दाता पुरुष आहे की स्त्री हे सांगून जातो.

लेखात आणखी दोन शब्द आहेत. ‘लेण’ हा शब्द दोन हजार वर्षांनंतरही आपण जवळपास तसाच वापरतो. ‘देयधम’ म्हणजे धम्मभावनेने दिलेले दान. सगळे मिळून अर्थ एवढाच होतो, की गोपालाचा पुत्र संघमित्र याने हे लेणे दान दिले.

अशोककन्या गेली म्हणून काही गमावले का? माझ्या मते उलट आपण कमावले. राजकन्येची नोंद ग्रंथांत राहिलीच असती. पण कऱ्हाडच्या परिसरातल्या गोपाल नावाच्या बापाची आणि त्याच्या मुलाची नोंद या दगडाशिवाय कुठेही राहिली नसती. ते कोण होते, काय काम करत होते, हे लेख सांगत नाही. राजा किंवा अमात्य अशी पदवीही लावत नाही. बापाने मुलाचे नाव ‘संघाचा मित्र’ असे ठेवले असेल किंवा मुलाने स्वतः ते घेतले असेल. तेवढ्या एका नावातून त्या घरात संघाला काय स्थान होते याचा अंदाज येतो.

गावाचे नाव दगडांवरून कसे ओळखतात

कऱ्हाडचे सर्वात जुने उल्लेख कऱ्हाडात नाहीत, ही गोष्ट आपल्या भागातल्या बहुतेकांना माहीत नसते. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहूतचा प्रसिद्ध स्तूप होता. कनिंगहॅम यांनी १८७३ मध्ये तो शोधला. त्याचे कोरीव दगडी कठडेही आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या खांबांवर आणि शिळांवर दात्यांची नावे आहेत. हा काळ साधारण इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाचा. त्यांतला एक लेख सांगतो, की हे दान ‘करहकट’ निगमाचे आहे.

निगम म्हणजे बाजारपेठेचे गाव, किंवा त्या गावातील व्यापाऱ्यांचा समूह. एकट्या शेठजीचे हे दान नाही, ते गावाने मिळून दिलेले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर वर्गणी काढून. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाने हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या स्तूपासाठी दान पाठवले होते.

भारहूतच्या या लेखांचा प्रमाणग्रंथ हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने तयार केला. त्यांच्या पश्चात अर्न्स्ट वाल्डश्मिट आणि आपले मराठी प्राकृततज्ज्ञ मधुकर अनंत मेहेंदळे यांनी तो सुधारून १९६३ मध्ये प्रसिद्धीस आणला. म्हणजे कऱ्हाडचे दोन हजार वर्षांपूर्वीचे दान नीट वाचून जगापुढे ठेवण्यात मराठी माणसाचाही हात आहे.

दुसरा उल्लेख कोकणात सापडतो. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. ती भारहूतपेक्षा काही शतकांनी उशिराची. तेथे एका लेण्याचा दाता आहे महिक. तो ‘करहाकड’ गावचा राहणारा आहे आणि त्याचा व्यवसाय दिला आहे ‘लोहवाणिय’, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. कऱ्हाडचा लोखंड विकणारा माणूस घाट उतरून खाडीकाठी गेला आणि तेथे भिक्खुसंघासाठी लेणे कोरून दिले. कुडा येथेच माळी आणि वैद्य यांच्या घरांतली दाने आहेत. पदुमनिका भिक्खुणीने तर आपल्या शिष्यांसह लेण्याबरोबर पाण्याची पोढी, म्हणजे टाकेही दान दिले आहे.

‘करहकट’ आणि ‘करहाकड’ ही दोन्ही नावे कऱ्हाडचीच, हे अभ्यासकांनी कशावरून ठरवले? नुसत्या नावाच्या साम्यावरून नव्हे. प्राकृतात काळ पुढे सरकतो तसा दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ होतो. भारहूतच्या जुन्या लेखात ‘ट’ आहे, कुडाच्या नंतरच्या लेखात ‘ड’ आहे आणि आजच्या नावातही ‘ड’च टिकला आहे. मधला ‘क’ गळून पडला. त्यात आगाशिवची लेणी शेजारीच आहेत आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा जवळ आहेत. ध्वनी, भूगोल आणि पुरावस्तू हे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा निष्कर्ष पक्का होतो. एकच साक्षीदार असेल तर त्याला ‘शक्यता’ म्हणावे.

चिनी लेखांत हे काम आणखी अवघड असते. चिनी लिपी आपल्यासारखी उच्चारावर चालणारी वर्णमाला नाही. तिथे एकेका चिन्हाला अर्थ असतो. भारतीय नाव लिहायचे तर उच्चाराला जवळची चिन्हे जोडावी लागतात. सातव्या शतकात, इ.स. ६४१ च्या सुमारास ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. त्याने आपल्या प्रदेशाचे नाव ‘मो-हो-ला-च्या’ अशा चिन्हांनी लिहिले. तेथे शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली. त्या चिन्हांचा सुटा अर्थ लावत बसले तर काहीच हाती लागत नाही. उच्चार धरला तर ‘महाराष्ट्र’ ऐकू येते. तसेच ‘था’ हे चिनी अक्षर आपल्या ‘थूप’ म्हणजे स्तूपावरून आले आणि ‘जियाशा’ हा शब्द ‘काषाय’ म्हणजे चीवरावरून. बोधगयेच्या लेखांत हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. पाली-प्राकृत न जाणणारा चिनी पंडित इथे अडखळतो आणि चिनी न जाणणारा पाली पंडितही अडखळतो.

महाराष्ट्रात ही दोन्ही टोके सांधणारे विद्वान होऊन गेले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे पु. वि. बापट यांनी पाली ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी भाषेत टिकून राहिलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी साधनांवरून बौद्ध ग्रंथांचा अभ्यास केला. ही परंपरा आपल्या मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे.

चिनी दगड, लोखंडाचे व्यापारी आणि ह्युएन त्संग

चिनी बौद्ध शिलालेखांचा सर्वात मोठा साठा बीजिंगच्या नैर्ऋत्येला फांगशान भागात, युंजू विहाराजवळ आहे. सातव्या शतकाच्या आरंभी जिंगवान नावाच्या भिक्खूने तेथे संपूर्ण सूत्रे दगडी पाट्यांवर कोरायला सुरुवात केली. त्याआधी चीनमध्ये बौद्ध धम्मावर राजांकडून घाले पडले होते. विहार मोडले होते, ग्रंथ जाळले होते. कागद जळतो, दगड जळत नाही, हा त्यामागचा सरळ विचार होता. पाट्या डोंगरातल्या गुहांत ठेवून गुहांची तोंडे बंद केली. नंतर काही पाट्या जमिनीखाली पुरल्या. हे काम पिढ्यान्‌पिढ्या, सुमारे हजार वर्षे चालले. आज तेथे १४,२७८ पाट्यांची मोजदाद झाली आहे. १९५६ ते १९५८ या काळात चिनी बौद्ध संघटनेने त्यांचे ठसे घेतले.

या पाट्यांवर सूत्राच्या शेवटी किंवा कडेला बारीक अक्षरांत दात्यांची नावे आहेत. आठव्या शतकात तेथे महाप्रज्ञापारमिता सूत्र कोरले जात होते. हे सूत्र ६०० भागांचे आहे आणि त्याचा चिनी अनुवाद ६६० ते ६६३ या काळात ह्युएन त्संगनेच केला होता. म्हणजे महाराष्ट्र पाहून गेलेल्या भिक्खूच्या हातचा अनुवाद दगडावर उतरत होता. खर्च कोणी दिला? त्या भागातल्या बाजारपेठांच्या श्रेणींनी. तांदळाचे व्यापारी, रेशमाचे व्यापारी, तेलाचे व्यापारी, आणि त्यांच्याच रांगेत कच्च्या लोखंडाच्या व्यापाऱ्यांची श्रेणी.

कऱ्हाडचा महिक आणि चीनमधले हे लोखंडवाले यांच्यात काही शतकांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर आहे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला पुरावाही नाही. पण दोन्हीकडे दगड एकच गोष्ट दाखवतो. धम्म राजांच्या खजिन्यावर जसा उभा राहिला, तसा बाजारपेठेत घाम गाळणाऱ्यांच्या दानावरही उभा राहिला. ही गोष्ट ग्रंथांपेक्षा शिलालेखांत जास्त स्पष्ट दिसते, म्हणून ते नीट वाचायचे.

आणखी एक बाब आपल्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या दाओ-आन या आचार्यांनी चिनी भिक्खूंसाठी एक पायंडा पाडला. प्रव्रज्या घेतल्यावर घराण्याचे आडनाव सोडायचे आणि सर्वांनी ‘शाक्य’ या शब्दाचे चिनी रूप ‘श्‌’ हेच आडनाव म्हणून लावायचे. त्यामुळे चिनी लेखांत नावाआधी हे अक्षर दिसले की ती व्यक्ती संघातली आहे हे कळते. आपल्याकडे अजिंठ्याच्या लेखांत ‘शाक्यभिक्षु’ हा शब्द येतो. आडनावावरून माणसाची जात शोधण्याची सवय लागलेल्या समाजात, आडनाव टाकून एका नावाखाली येण्याची ही जुनी रीत आपल्याला बरेच काही सांगते.

वाचण्याची शिस्त

आता थेट कामाचे बोलू. शिलालेखासमोर उभे राहिल्यावर काय करावे?

पहिले म्हणजे हात लावू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, रंग किंवा पाणी लावण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याने दगडाचा पृष्ठभाग झिजतो आणि पुढच्या अभ्यासकाला खोट्या रेषा दिसतात. संरक्षित स्मारकाची हानी करणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ओला कागद दगडावर बसवून शाईचा ठसा घेण्याची जी पद्धत चिनी लोकांनी शतकानुशतके वापरली आणि आपले पुरातत्त्व खातेही वापरते, ती परवानगी असलेल्या प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

आपण मोबाईलची बॅटरी वापरावी. समोरून प्रकाश टाकला तर अक्षरे सपाट होऊन जातात. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका प्रकाश टाकावा. खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि अक्षर उभे राहते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार वेगवेगळे फोटो घ्यावेत. मापासाठी शेजारी पट्टी धरावी, दगडाला टेकवू नये. एक फोटो लांबून घ्यावा, म्हणजे लेख लेण्यात नेमका कुठे आहे ते कळते. दारावरचा लेख, टाक्यावरचा लेख आणि खांबावरचा लेख यांचे काम वेगळे असते.

मग वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात दिसते तेच अक्षर काढावे, ओळखू येवो वा न येवो. दुसऱ्यात आपले वाचन लिहावे. तिसऱ्यात अंदाज. हे तीन रकाने कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. झिजलेले अक्षर आपण अंदाजाने भरले असेल, तर ते चौकोनी कंसात लिहावे. जगभरचे अभ्यासक असेच करतात. समाजमाध्यमावर टाकतानाही तो कंस काढू नये. कंस असला म्हणून कोणी आपल्याला कच्चे समजत नाही, जाणकार माणूस उलट त्यावरच विश्वास ठेवतो.

त्यानंतर जुने वाचन शोधावे. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचा ग्रंथ १८८१ मध्ये काढला. त्या काळात दिसणारी काही अक्षरे आज झिजून गेली असतील. चीनमध्येही मूळ दगडापेक्षा त्याचा जुना ठसा अधिक मोलाचा ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण जुने वाचनही डोळे मिटून स्वीकारायचे नाही. शाव्हान आणि श्लेगेल यांच्यासारखे कारण देऊन सहमत व्हायचे किंवा कारण देऊन नाकारायचे.

काळ ठरवताना घाई करू नये. चिनी लेखात सम्राटाच्या कारकिर्दीला दिलेले युगनाम आणि त्यातले वर्ष असते. जोडीला साठ वर्षांचे चक्र असते, आपल्याकडच्या प्रभव-विभव या साठ संवत्सरांसारखे. दोन्ही जुळले तर इसवी सन नक्की होतो. आपल्या लेण्यांतल्या छोट्या दानलेखांत बहुधा सालच नसते. मग अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो आणि तो पन्नास-शंभर वर्षे मागे-पुढे असू शकतो. म्हणून ‘इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास’ असे लिहिणे हे अज्ञान नाही, तोच प्रामाणिकपणा आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे लेख जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. महिक ‘लोहवाणिय’ होता एवढे दगड सांगतो. त्याला आजच्या एखाद्या जातीचे नाव चिकटवण्याचा अधिकार आपल्याला नाही. व्यवसाय म्हणजे आजची जात नव्हे, हे आपण इतरांना सांगतो, तर ते आधी आपण पाळले पाहिजे.

हे सगळे कशासाठी?

बोधगयेच्या व्यवस्थापनाचा प्रश्न आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यावर अनेक वर्षे आंदोलने चालू आहेत. अशा वेळी चिनी लेखांचा दाखला दिला जातो आणि तो द्यायलाच हवा. पण नेमका द्यायला हवा. १०२२ आणि १०३३ मध्ये चीनचे भिक्खू तेथे येत होते, स्तूप उभारत होते, चीवर अर्पण करत होते आणि वज्रासनाला आपल्या धम्माचे सर्वोच्च स्थान मानत होते, हे ते लेख निर्विवाद सांगतात. आज व्यवस्थापन कोणाकडे असावे, हे ते सांगत नाहीत. ती मागणी आपण संविधानाच्या आणि न्यायाच्या आधारावर करायची असते. लेखाला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे दिले की समोरचा वकील त्याच ठिकाणी बोट ठेवतो आणि मग खरा पुरावाही पोकळ वाटू लागतो.

आपल्या गावाजवळच्या लेण्यांचेही तसेच आहे. एखाद्या लेण्याची मूळ ओळख पुसली जात असेल, तर आपल्या हातात सर्वात मजबूत साधन म्हणजे बरोबर वाचलेला शिलालेख. त्यात ‘लेण’ आणि ‘देयधम’ हे दोन शब्द असले तरी पुरे. त्याला अशोककन्येची जोड द्यायची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तकांकडे वळवले आणि प्रत्येक विधानाला पुरावा मागायला शिकवले. आपल्या बाजूच्या विधानालाही तो नियम लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी सांगली-मिरजेहून आगाशिवला सहल निघाली, तर डब्याबरोबर एक वही, एक मोजपट्टी आणि एक बॅटरी घ्या. गटातल्या एकाने पाली व्याकरणाची प्राथमिक तयारी करावी, दुसऱ्याने अक्षरांच्या वळणांची, तिसऱ्याने फोटोंची. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाचा पाली व बौद्ध अध्ययन विभाग आणि डेक्कन कॉलेज फार दूर नाहीत. आपल्या मुलांपैकी एखाद्याने चिनी भाषाही शिकावी. भारतात हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज फक्त चिनी अनुवादात शिल्लक आहेत आणि ते वाचून मराठीत आणणारी माणसे आपल्याला हवी आहेत.

कऱ्हाडच्या महिकाने लोखंड विकून जमवलेल्या पैशांतून लेणे कोरले आणि आपले नाव, गाव, धंदा तिन्ही गोष्टी दगडावर लिहून ठेवल्या. दगड झिजतो आहे. त्याचे नाव आपण बरोबर वाचले आणि बरोबर सांगितले, तरच त्याचे दान पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.

नमो बुद्धाय, जयभीम!